लेकीचं घोगरं रडणं आणि टीएसएच

माझी लेक झाली तेव्हा सगळे म्हणायचे काय गुणाची पोर आहे, रडत नाही की काही नाही, नुसती झोपते. दूध पाजायलासुद्धा तळपाय चोळून उठवायला लागायचं. खरं सांगते, मलाही तेव्हा बरंच वाटायचं.

आम्ही भांडुपला राहतो. चोविसाव्या दिवशी मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, "पोरी, हिचा आवाज बसल्यासारखा का गं येतो? बाकीची बाळं अंघोळीला कशी टाहो फोडतात, ही घोगरंच रडते." सासूबाई म्हणाल्या सर्दी असेल. रडण्यावरून कारण सांगणारं एक ॲप मी मोबाईलमध्ये घेतलेलं, त्याला ऐकवलं तर भूक लागलीये म्हणे, तीनदा ऐकवलं, तीनदा भूकच. पण मावशींचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून रडणं रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून परळला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. शी किती दिवसांनी होते? तीन-चार. कावीळ उतरली? डोळे अजून पिवळट होते. बेंबी फुगलेली. मग विचारलं, "जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन टीएसएच, म्हणजे थायरॉईडची टेस्ट, केली होती का?" आमच्या नर्सिंग होममध्ये कोणी केलीच नव्हती, आणि असं काही असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. याचा राग मला अजून येतो. रिपोर्ट आला, टीएसएच 100 च्या वर, म्हणजे जन्मजात थायरॉईड कमी. त्याने स्वरतंतूंना सूज येते आणि आवाज घोगरा होतो, पण खरी भीती मेंदूच्या वाढीची, औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं सगळ्यात चांगलं आणि आमचे तर पंचवीस दिवस गेलेले. मी तिथेच रडले. सोनोग्राफी नंतर करू म्हणाले, गोळी त्याच दिवशी सुरू. रोज सकाळी एकाच वेळी, चुरून चमचाभर अंगावरच्या दुधात.

रात्री जागताना मग मी रडण्याबद्दलच वाचत बसायचे. चार्ल्स ओनू म्हणून मूळचे नायजेरियाचे संशोधक आहेत, त्यांच्या उबेन्वा नावाच्या कंपनीने जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेलं बाळ रडण्याच्या आवाजावरून ओळखायचं काम केलंय, सुरुवात मेक्सिकोत रेकॉर्ड केलेल्या बाळांच्या रडण्यावरून. श्वास आणि स्वरयंत्र मेंदूच चालवतो, म्हणून मेंदूला इजा झाली की रडणं बदलतं. पाचव्या क्रोमोसोमचा तुकडा नसलेलं बाळ मांजरीसारखं रडतं, ते तर 1963 सालीच लेझून या फ्रेंच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. रडणं ऐकून आजार ओळखणारी मशीन प्रत्येक प्रसूतिगृहात यावीत असं मला मनापासून वाटतं, पण टाचेच्या रक्ताची टेस्ट आज होते, ती तरी मागून घ्या.

गोळी सुरू होऊन दीड महिना झाला असेल, लस द्यायला नेली तेव्हा सुई टोचल्यावर असली खणखणीत किंचाळली की बाहेरच्या बाकावर बसलेल्या सासूबाई उठून आत आल्या.