जावक नंबर पडला म्हणजे काम झालं?

तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून माझं हे सातवं वर्ष. त्यातली पहिली चार वर्षं मी स्वतःला फार कामाची समजत होते. पावणेदहाला टेबलावर, डबा अडीचला, घरी जायला सातची एसटी. दिवसाला पंधरा-सोळा पत्रं जावक व्हायची, म्हणजे नोंदवहीत नंबर पडून बाहेर जायची. ‘मॅडमना मान वर करायला फुरसत नाही’ असं कुणी म्हणालं की बरं वाटायचं.

एका सोमवारी एक आजोबा आले. “बाई, माझ्या दोन एकराचं आठ गुंठं कुणी केलं?” हस्तलिखित सातबारावर ०.८० हेक्टर होतं, संगणकावर चढवताना ०.०८ झालं. सोसायटी पीककर्ज देणार ते आठ गुंठ्यांवरच. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनचुकीच्या दुरुस्तीचा अर्ज, देऊन अकरा महिने झालेले. मी संचिका, म्हणजे फाइल, काढून त्यांना दाखवली. तलाठ्याकडे अहवाल मागितल्याचं पत्र, दोन स्मरणपत्रं, आणि आलेला अहवाल त्रुटी काढून परत पाठवल्याचं चौथं पत्र. सगळ्यांवर जावक क्रमांक, तारखा, सगळं जिथल्या तिथं. आजोबांनी कागद उलटून पाहिले आणि म्हणाले, “म्हंजे काम चालूच हाय की.” आणि गेले. आवाज चढवला असता तर मी विसरूनही गेले असते.

त्रुटी काय होती? जुन्या हस्तलिखित सातबाराची प्रत जोडलेली नाही. तो जुना सातबारा कुठे होता? आमच्याच अभिलेख कक्षात, माझ्या टेबलाच्या बरोबर खाली. अठरा पायऱ्या उतरून मी दुपारी तो बघून आले. पेन्सिलने नाही, चांगल्या निळ्या शाईत ०.८० लिहिलेलं.

त्या रात्री झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही, पण हिशोब मात्र डोक्यात बसला. आमच्याकडे कार्यविवरण नोंदवहीचा, म्हणजे टेबलावर आलेल्या प्रकरणांच्या वहीचा, आठवड्याला गोषवारा निघतो: मागील शिल्लक, आवक, निकाली, शिल्लक. प्रकरणावर पत्र गेलं की ते प्रतीक्षाधीन होतं, म्हणजे तात्पुरतं माझ्या गळ्यातून उतरतं. त्रुटी काढून परत पाठवलं की मी ते सरळ निकालीत धरायचे. दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आम्हा सगळ्यांना पाठ आहे: कलम १० प्रमाणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. मी तो नियम कधी मोडलाच नव्हता! आजोबांची फाइल माझ्याकडे सलग सात दिवस कधीच नव्हती. ती सारखी फिरत होती. त्याच कलमात पुढे असंही आहे की दुसऱ्या विभागाकडे जावं लागत नसेल तर निर्णय आणि कार्यवाही पंचेचाळीस दिवसांत. हे दिवस मी आयुष्यात एकदाही मोजले नव्हते.

आमचे अव्वल कारकून, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, निवृत्तीला आले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “सहा गठ्ठे लाव. पण सुरुवात दुसऱ्यापासून कर.” सहा गठ्ठे पद्धत नोकरीला लागल्यावर शिकवतात: कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. शिकवतात, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी लावतात.

पाच दिवसांचा आठवडा असल्यामुळे शनिवार मोकळा. असे तीन शनिवार गेले. दुसऱ्या गठ्ठ्यात त्रेसष्ट प्रकरणं निघाली. प्रत्येकावर एक चिठ्ठी लावली: पुढचं पाऊल कुणाचं? मी समजत होते, तलाठी, मंडळ अधिकारी, भूमी अभिलेख. प्रत्यक्षात अडतीस चिठ्ठ्यांवर माझंच नाव लिहावं लागलं. कुठे एक फोन करायचा होता, कुठे खालून एक प्रत काढायची, कुठे साहेबांच्या निर्णयासाठीची टिप्पणीच लिहायची राहिली होती. टिप्पणीला डोकं लागतं, स्मरणपत्राला लागत नाही. मागच्या पत्राची तारीख बदलली की झालं. (तिसऱ्या गठ्ठ्यात एक मासिक पत्रक सापडलं, जे मी दर महिन्याला निरंक, म्हणजे ‘काही नाही’, असं भरून पाठवायचे. एक महिना मुद्दाम पाठवलं नाही. अजून कुणी विचारलेलं नाही.)

मग सवय बदलली. सकाळी दहा ते बारा फक्त टिप्पण्या. ‘आज पाचपर्यंत माहिती द्या, निरंक असल्यास निरंक कळवा’ हे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आदेश बारानंतर. जावक पत्रं पाच-सहावर आली, कारण आधी फोन करून विचारायला लागले की नक्की काय अडलंय. त्रुटीची पत्रं निकालीत धरणं बंद केलं.

पहिल्या महिन्यात माझा गोषवारा टेबलांमध्ये सगळ्यात वाईट. सोमवारच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, “मॅडम, तब्येत बरी आहे ना?” काय सांगणार? मागचे आकडे फुगलेले होते, असं भर बैठकीत म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्या महिन्यात आकडा पूर्वीच्या जवळपास आला, त्याच्या वर कधीच गेला नाही. निवडणुकीचं काम लागलं की सगळी घडी विस्कटते, ते वेगळंच. आणि हातात काही नसेल तर अजूनही माझा हात आपोआप स्मरणपत्राकडे जातो.

आजोबांचा दुरुस्तीचा आदेश मी टिप्पणी ठेवल्यावर नवव्या दिवशी सही होऊन आला. जावक नंबर पडला, प्रत तलाठ्याकडे गेली. संचिका मात्र मी टेबलावरच ठेवली. रोज दुपारी चहाच्या वेळी मोबाईलवर महाभूलेख ही सातबाऱ्याची वेबसाइट उघडून त्यांचा गट नंबर टाकायचे. अकराव्या दिवशी क्षेत्राच्या रकान्यात ०.८० दिसलं. त्यांना फोन लावला, लागला नाही. शेजाऱ्याच्या नंबरवर निरोप ठेवला आणि संचिका पाचव्या गठ्ठ्यात टाकली.