बिदर: आधी किल्ल्याची माती, मग बिदरीची चांदी

बिदरला उतरल्या उतरल्या दुकानात शिरू नका. काळ्या भांड्यावरचं चांदीचं काम, म्हणजे बिदरी, किल्ला पाहिल्यावरच नीट कळतं. तो काळा रंग ज्या मातीने चढतो, ती किल्ल्यातूनच येते.

मराठवाड्याला हे गाव परकं नाही. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदर जिल्ह्यातच होते. दामाजीपंतांच्या कथेत पांडुरंग विठू महार होऊन धान्याचे पैसे भरायला जातो, तो याच बेदरच्या बादशहाकडे. उदगीरहून भालकीमार्गे रेल्वे आहे, रस्ताही सरळ आहे.

सकाळी ऊन चढायच्या आत किल्ला गाठा. दक्षिणेकडचा तिहेरी खंदक पुलावरून नजर टाकून सोडून देऊ नका. तो जांभ्यातच खोदलेला आहे. मधले दोन बांध म्हणजे न खोदता तसाच ठेवलेला मूळ खडक. रंगीन महालाला बहुधा कुलूप असतं, म्हणून आत गेल्यावर सगळ्यात आधी पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात विचारा. शेवटी विचारू म्हटलं तर किल्लीवाला भेटेलच असं नाही. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवलेले आहेत. ते नीट बघून ठेवा. काळ्यात उजळ नक्षी जडवायची हीच रीत बिदरीतही दिसते.

किल्ल्यातून चौबाऱ्याकडे, म्हणजे गावातल्या जुन्या गोल मनोऱ्याकडे, चालत येताना महमूद गवानचा मदरसा लागतो, १४७२ चा. खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, घेणारा बहामनींचा वजीर तो हाच. उरलेल्या मिनारावर निळ्या-पिवळ्या फरशा अजून टिकून आहेत.

बिदरीचे कारखाने चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आहेत. दुकानापेक्षा इथे दोन तास द्या. धातू म्हणजे जस्त आणि तांबं, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. मातीत एरंडेल आणि राळ कालवून साचा करतात आणि त्यात रस ओततात. साचा ओलसर राहिला तर वाफ कोंडते, भांड्याला छिद्रं पडतात आणि ते पुन्हा वितळवावं लागतं. मग कानस आणि पॉलिश पेपर. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की मोरचुदाचं पाणी फिरवून तो तात्पुरता काळा करतात, कोरलेली रेघ पांढरी उठून दिसावी म्हणून. नक्षी हातानेच काढतात, तीही बहुतेक वेळा मनातूनच. छिन्नीने खाच पाडतात, तिच्यात मऊ चांदीची तार दाबतात आणि हलक्या हातोडीने ठोकतात. खाच उथळ राहिली तर तार वर्षभरात उचलते. हा दोष विकत घेताना डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो.

यानंतर घासून घासून मोरचुदाचा काळेपणा काढून टाकतात, आणि सगळं भांडं एकाच राखाडी रंगाचं होतं. नक्षी जवळजवळ नाहीशी होते. नेमकी हीच पायरी बघायला थांबा. किल्ल्यातल्या जुन्या बांधकामांतली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागरासोबत पाण्यात उकळतात आणि भांडं त्यात बुडवतात. जस्ताचा भाग बघता बघता कुळकुळीत काळा होतो. चांदीला काहीच होत नाही, ती पांढरीच राहते. आडोशाचीच माती लागते, कारण उघड्यावरच्या मातीतले क्षार पावसाने धुऊन जातात. जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. शेवटी तेलाचा हात फिरला की काळ्याला खोली येते.

घेताना वस्तू हातात तोलून बघा. बिदरी जड लागते. हलकी लागली तर बहुतेक अॅल्युमिनियमवर रंग आहे. लोहचुंबक चिकटला तर ती बिदरी नव्हेच. नक्षीवरून नख फिरवा, ते कुठेही अडकता कामा नये. भाव नुसत्या आकारावर ठरवू नका. चांदी किती आणि काम किती बारीक, त्यावर किंमत ठरते. बारीक तारेच्या छोट्या डबीला मोठ्या फुलदाणीपेक्षा जास्त पैसे पडले तर ते रास्तच आहे. या कामाला २००६ पासून भौगोलिक मानांकन आहे. कारागिराकडून थेट घेता आलं तर तेच करा, पैसा त्याच्या हातात पडतो.

संध्याकाळी अष्टूर, गावापासून तीनेक किलोमीटरवर. तिथे बहामनी सुलतान अहमदशहा वलीच्या मकबऱ्यात घुमटाच्या आतून रंगीत चित्रकाम आहे. आत अंधार असतो, डोळे सरावेपर्यंत थांबा.

घरी आणलेली बिदरी पडू देऊ नका. हा धातू चेचत नाही, तुटतो. तिच्यात खायचे पदार्थ ठेवू नका. चांदी मळली तर मऊ सुती कपड्याने पुसा, आणि अधूनमधून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. चिंच, लिंबू, पितांबरी यांच्या वाटेला जाऊ नका. आंबट लागलं की काळा थर निघतो, खालचं राखाडी जस्त उघडं पडतं, आणि मग ते भांडं पुन्हा बिदरला नेऊन त्याच मातीच्या पाण्यात बुडवून घ्यावं लागतं.