जुनं प्रवासी जहाज वाचवायचं, तर आधी धक्का शोधा

जुनं प्रवासी जहाज मोडीत निघणार अशी बातमी आली की सह्यांची मोहीम आणि देणग्या सुरू होतात. दोन्ही हव्यातच. पण त्याच दिवशी आणखी एक काम हाती घ्यायला हवं. तीनशे मीटर लांबीचं जहाज निदान दहा वर्षं बांधून ठेवता येईल असा धक्का शोधायचा आणि तो लेखी करारात पक्का करून घ्यायचा.

'एसएस युनायटेड स्टेट्स'चं काय झालं ते पाहा. 1952 साली पहिल्याच फेरीत या जहाजाने अटलांटिक 3 दिवस 10 तास 40 मिनिटांत पार केला. 1969 मध्ये ते सेवेतून गेलं आणि 1996 पासून फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उभं होतं. 2011 मध्ये एका संवर्धन संस्थेने ते 30 लाख डॉलरला विकत घेतलं. जहाज वाचलं असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं. धक्क्याचं भाडं दिवसाला 850 डॉलर होतं, ते 2021 मध्ये दुप्पट झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. जून 2024 च्या निकालात भाडेवाढ अमान्य झाली, पण करार कधीही संपवता येण्याजोगा आहे असं ठरलं आणि 12 सप्टेंबरपर्यंत जहाज हलवायचा आदेश निघाला. एवढ्या धुडाला तीन महिन्यांत दुसरी जागा मिळत नाही. शेवटी फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने ते 10 लाख डॉलरला घेतलं, समुद्रतळाशी बुडवून माशांना आणि बुडी मारणाऱ्या हौशी पाणबुड्यांना खडक करून देण्यासाठी. 1952 मधल्या त्या वेगाचा विचार मनात आला की हे वाचताना आजही गलबलून येतं.

म्हणून करारात मुदतीआधी हलवायची नोटीस किमान दीड-दोन वर्षांची हवी, आणि भाडेवाढीची कमाल मर्यादा आकड्यात लिहिलेली हवी. गाळ कोण उपसणार, हेही त्यातच लिहून घ्या. हा मुद्दा बहुतेकजण विसरतात. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या जहाजाखाली गाळ साचतो, ओहोटीला तळ त्यावर टेकतो, वजन सगळीकडे सारखं पडत नाही आणि पत्रे ताणले जातात. धक्क्यावरच्या खुंटांची ताकद इंजिनियरकडून तपासून घ्या. उंच प्रवासी जहाजाची बाजू म्हणजे एक प्रचंड शीडच असते. वादळी वाऱ्यात दोर तुटण्याआधी धक्क्यातला खुंट उखडू शकतो.

आता किंमत. मोडणीवाला जहाजाच्या इतिहासाला पैसे देत नाही, 'एलडीटी'ला देतो. इंधन, पाणी, माल, माणसं वगळून जहाजाचं जे स्वतःचं वजन, ते एलडीटी. 30,000 टन एलडीटी आणि टनाला 400 डॉलर धरले तर 1 कोटी 20 लाख डॉलर होतात. पण हा आकडा ऐकून हबकू नका. हा भाव गुजरातमधल्या अलंगसारख्या, जहाजं मोडायच्या किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी चिखलात चढवलेल्या जहाजाचा असतो. अॅस्बेस्टॉसने, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या पण आरोग्याला घातक तंतूंनी, भरलेलं जहाज युरोपातून कायदेशीरपणे तिथवर नेणं घातक कचऱ्याच्या निर्यातीवर बंधनं घालणाऱ्या बाझल करारामुळे कठीण झालं आहे, आणि जवळपासच्या कडक नियमांच्या यार्डात मोडायचं तर सफाईचा खर्च भंगाराची किंमत खाऊन टाकतो. मालकाशी बोलताना हीच आपली खरी बाजू. मात्र एकदा जहाज किनाऱ्यावर चढलं की खेळ संपला. 'फ्रान्स', नंतरचं 'नॉर्वे', 2006 मध्ये अलंगला चिखलात चढलं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात वाद चालला तो कसं मोडायचं यावर. परत तरंगवण्याची वाट तेव्हा उरलीच नव्हती.

खरेदीच्या सहीआधी जाडी मोजून घ्या. अल्ट्रासॉनिक मापकाने, रंग खरवडून, ठरावीक अंतरावरच्या बिंदूंवर. मूळ नकाशातली जाडी शेजारी लिहायची. साधारण पाव भाग जाडी गेलेली असेल तो पत्रा बदलायच्या यादीत. सगळ्यात वाईट अवस्था जलरेषेवरच्या पट्ट्याची असते. तिथे पत्रा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो, आणि हवेतला प्राणवायू भरपूर मिळतो. दुसरी जागा आतल्या बाजूची: बॉयलरखालचा तळ, जिथे हात पोचत नाही आणि कित्येक वर्षं कुणी रंग दिलेला नसतो.

ठिगळ म्हणून वरून दुसरा पत्रा जोडायचा मोह होतो. काही महिन्यांपुरतं ते चालेल. पण दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि आतला पत्रा दिसेनासा होऊन सडतो. रिव्हेटच्या जहाजावर आणखी एक पंचाईत होते. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचे रिव्हेट सैल होतात, म्हणजे एक भोक बुजवताना दहा गळती सुरू. जुन्या पोलादात गंधक आणि फॉस्फरस जास्त असतं, त्यामुळे वेल्डशेजारी तडे जातात. आधी नमुना तुकडा कापून प्रयोगशाळेत तपासा, मग वेल्डर बोलवा.

जहाज बुडतं ते बहुधा बारीकशा पाइपमुळे. समुद्राचं पाणी आत घेण्यासाठी तळाला डझनावारी तोंडं असतात. व्हॉल्व्ह बंद केला म्हणून निर्धास्त होता येत नाही. व्हॉल्व्ह ब्राँझचा, कवच पोलादाचं, दोघांमध्ये खारं पाणी, म्हणजे पोलाद झिजणारच, आणि ते झिजतं नेमकं कवच आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या बोटभर लांबीच्या तुकड्यात. म्हणून पाणबुड्यांकडून प्रत्येक तोंडावर बाहेरून पोलादी झाकण बसवून घ्या. त्याचा नकाशा करा, क्रमांक टाका. सोबत जस्ताचे अॅनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) किंवा विद्युतप्रवाहाची संरक्षण यंत्रणा हवी. जवळच्या जहाजांच्या आणि धक्क्याच्या भटक्या विद्युतप्रवाहाने ती बिघडते, तेव्हा दर महिन्याला व्होल्टेज नोंदवा.

वरून येणारं पाणीही तितकंच घातक. डेकवरच्या निचऱ्याच्या नळ्या पालापाचोळ्याने आणि कबुतरांच्या विष्ठेने तुंबतात, पाऊस साचतो, सागवानी फळ्यांच्या सांध्यांतून खाली उतरतो. वरच्या रुंद डेकवर मोकळं हिंदकळणारं पाणी जहाजाला एका अंगाला कलवतं, आणि ते थोडं असलं तरी स्थैर्य बिघडवतं. आठवड्याला एकदा प्रत्येक टाकीत आणि बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचतं त्या सगळ्यात खालच्या भागात, मोजणीची सळई सोडून पातळी लिहायची. एखादा आकडा दोन आठवडे सलग वाढला की त्याच दिवशी गळती शोधायला खाली उतरायचं.

अॅस्बेस्टॉसबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. 'युनायटेड स्टेट्स' 1990 च्या दशकात सेवास्तोपोलला नेऊन त्यातून ते काढलं, पण सोबत आतल्या भिंतीही गेल्या, आणि परतलं ते रिकामं कवच. दुसरीकडे 1959 चं 'रॉटरडॅम'. अॅस्बेस्टॉस आणि रंगातल्या पीसीबी या विषारी रसायनामुळे त्याचं काम एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहिलं, पोलंडमधून ते जर्मनीला न्यावं लागलं, आणि एकूण खर्च 20 कोटी युरोंच्या वर गेला. नंतर ते विकलं गेलं 3 कोटींच्या आत. जहाज मात्र आज ज्याचं नाव त्याला आहे त्या रॉटरडॅम शहरात हॉटेल म्हणून उभं आहे, आणि त्याबद्दल आनंदच वाटतो. माझं मत असं: घातक पदार्थांची खोलीवार यादी होईपर्यंत कुणालाही एक पॅनेल काढू देऊ नका. लोकांच्या वावरातले आणि तुटके भाग आधी काढा. बॉयलरखोलीतलं धड असलेलं आवरण वेष्टित करून, खूण लावून ठेवता येतं.

आग हा वेगळाच विषय. 9 फेब्रुवारी 1942 रोजी न्यूयॉर्कमध्ये 'नॉर्मंडी'वर धातू कापायच्या ज्योतीची ठिणगी लाइफ जॅकेटच्या ढिगावर पडली. जहाजाची अग्निशमन यंत्रणा बंद होती, आणि फ्रेंच नळजोड शहराच्या होजला बसेनात. आग विझवायला ओतलेल्या पाण्यानेच जहाज कलंडलं. त्यामुळे ज्योतीचं काम करताना लेखी परवाना, भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणूस, आणि काम संपल्यावर निदान तासभर पहारा. स्थानिक अग्निशमन दलाला आधीच बोलावून जोड बसवून पाहा, आणि किती टन पाणी ओतलं की कलेल, ते नौकाशास्त्रज्ञाकडून काढून त्यांना द्या.

ओढून न्यायची वेळ आली तर स्थैर्याची चाचणी आणि पुलांची उंची या दोन गोष्टींवर सगळं अडतं. 'युनायटेड स्टेट्स' नोव्हेंबर 2024 ला निघायचं होतं, तटरक्षक दलाच्या स्थैर्याच्या शंकेने थांबलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ओहोटी साधून पुलांखालून बाहेर पडलं.

कायमची जागा पाण्यात की सुक्या गोदीत? ब्रिस्टलच्या 'ग्रेट ब्रिटन' या जुन्या जहाजाचं लोखंड क्षारांनी भरलेलं होतं. तिथे गोदीवर जलरेषेच्या उंचीला काच बसवून खालच्या हवेची आर्द्रता 20 टक्क्यांपर्यंत उतरवली, कारण त्या कोरडेपणात गंज थांबतो. पण ती यंत्रणा कायम चालू ठेवावी लागते आणि मोठ्या प्रवासी जहाजाला तशी गोदी मिळणं अवघड. पाण्यात ठेवायचं तर वजनाचा हिशेब सतत करत राहा. बॉयलर काढले की जहाज वर उचलतं, जलरेषा बदलते, आणि घन बॅलास्ट, म्हणजे जहाज स्थिर ठेवणारं वजन, टाकावं लागतं. लाँग बीचच्या 'क्वीन मेरी'वर जुन्या लाइफबोटींचा भार कवचाला झेपेनासा झाला, तेव्हा बहुतेक बोटी उतरवाव्या लागल्या.

आणि पहिल्याच आठवड्यात, बाकी काही जमो न जमो, मूळ नकाशे, देखभालीच्या वह्या, यंत्रांच्या नावपट्ट्या ताब्यात घ्या, आतून-बाहेरून लेझर स्कॅन करून घ्या, आणि सामानाचा लिलाव थोपवा. 'युनायटेड स्टेट्स'चं फर्निचर 1984 मध्येच लिलावात गेलं होतं. पुढे चाळीस वर्षं जहाज उभं होतं, पण आत येणाऱ्याला खुर्ची दाखवायची सोय नव्हती.