लांब रेघा, आखूड रेघा

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समधल्या एका शेताच्या कडेला घोडी थांबली ती थांबलीच. समोर तारेचं कुंपण आणि ते ओलांडायला दोन फळ्यांची लाकडी पायरी. माणसाने खांबाला धरून पाय टाकावा आणि पलीकडे उतरावं. घोडीने काय करावं? तिने मान खाली घालून फळी हुंगली, फुरफुरली आणि एक कान माझ्याकडे वळवला. मागून ताईचा आवाज आला, "अगं, इकडून घोडा जातो असं कुणी सांगितलं तुला?"

कुणीच नाही. आदल्या रात्री फोनवरच्या नकाशात गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एक बारीक रेघ दिसली आणि मी ती धरून निघाले. घोडी ताईच्या शेजारणीची. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकून दिलेली. तिला त्या फळीपुढे अडकलेलं पाहून मला फार अपराधी वाटलं.

परत फिरलो ते गाडीरस्त्याने. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी झुडपं, बाजूला व्हायला हातभर जागा नाही. एका गाडीवाल्याने रिकिबीला घासेल इतक्या जवळून गाडी दामटली. घोडी थरथरली ते खोगिरावर बसल्या बसल्या कळलं मला. आजही आठवलं की संताप होतो.



संध्याकाळी शेजारीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा, नारिंगी मुखपृष्ठाचा नकाशा पसरला. प्रमाण १:२५,०००, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यांनी बोट ठेवलं तिथे हिरव्या आखूड रेघा होत्या. ही फक्त चालणाऱ्यांची पायवाट. इथे घोडा न्यायचा हक्क नाही. शेजारून हिरव्याच, पण लांब रेघा जात होत्या. तो ब्रिडलवे, म्हणजे घोडवाट. माझ्या फोनवर दोन्ही वाटा एकसारख्याच दिसत होत्या! शाळेत भूगोलाच्या तासाला आपल्या सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे वाचले होते. त्यातही गाडीवाट आणि पायवाट वेगळी दाखवतात. मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं, याचं त्या रात्री खरंच वाईट वाटलं.

मग बाईंनी शिवणाच्या डब्यातला दोरा काढला. क्लेटनच्या दोन जुन्या पवनचक्क्यांपासून डिचलिंग बीकन या टेकडीपर्यंत वाटेच्या प्रत्येक वळणावर तो दाबत नेला आणि पट्टीवर धरला. साधारण बारा सेंटिमीटर. तीन किलोमीटर. नकाशावर उंचीच्या रेषा दाट असतील, म्हणजे उतार खडा असेल, तिथून उतरायचं नाही, म्हणाल्या. पाऊस झाला की तिथला पांढरा चुनखडक साबणासारखा होतो आणि घोड्याचे पाय घसरतात. हे मला कुठल्याच ॲपने सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी धारेवर पोचलो. ही साउथ डाउन्स वे नावाची लांब पल्ल्याची वाट. विंचेस्टर ते ईस्टबोर्न, १६० किलोमीटर, पहिला टप्पा १९७२ मध्ये खुला झालेला आणि जवळजवळ सगळी घोड्यांना खुली. उजवीकडे लांबवर समुद्राची चकाकी, डावीकडे खाली शेतांचे चौकोन. नालाखाली गारगोट्या खडखडत होत्या. ब्रिडलवेवर सायकलवाल्यांनी घोड्याला वाट द्यायची असा कायदा आहे. एकजण तर लांबूनच उतरला आणि घोडीशी मोठ्याने बोलत उभा राहिला, ती दचकू नये म्हणून. आदल्या दिवसाचा कडवटपणा त्या माणसाने निम्मा धुऊन काढला. बीकनच्या २४८ मीटरच्या माथ्याशी मात्र गाड्यांची जत्रा होती. तिथे थांबायला मन होईना.

पुढे फाटक आलं. त्याची कडी उंच दांड्याची, खोगिरावरून हात पोचेल अशी. मी लगाम एका हातात घेऊन दांड्याकडे वाकले, तोच घोडी आपणहून आडवी सरकली, फाटकाला खेटून उभी राहिली आणि मी कडी ओढेपर्यंत जागची हलली नाही.