सोनोग्राफी नॉर्मल, पण पोट दुखतंय

मराठवाड्यात सर्जरी करायची तर बैलाचं शिंग आणि मोटारसायकलचं हँडल, दोघांचीही चांगली ओळख हवी. शिंगानं पोट फाटून आतडं बाहेर आलं, की माणसं उपरण्यात गुंडाळून पळत आणतात. त्या पेशंटला उशीर होत नाही. मला धास्ती पोटावर आदळलेल्या हँडलची. वरून धड खरचटलेलंही नसतं, आणि आत लहान आतड्याला भोक.

अशा वेळी ठरलेला संवाद होतो. "साहेब, सोनोग्राफीत काहीच न्हाई निघालं, मग कामून ठेवून घेताव?" मामा, सोनोग्राफी पोटातलं रक्त-पाणी दाखवते, आतड्याचं भोक दाखवेलच असं नाही. एक्स-रेत डायफ्रॅमखाली, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, हवा दिसली तर प्रश्नच मिटला, पण लहान आतडं फाटलं तरी कित्येकदा ती दिसत नाही. सीटीसुद्धा सुरुवातीला चकवतो. म्हणून एकाच डॉक्टरनं पुन्हा पुन्हा पोट चाचपायचं, नाडी बघायची. नाडी वाढत चालली, पोट कडक लागायला लागलं, की रिपोर्ट काहीही म्हणो, पोट उघडायचं.

उघडल्यावर आधी रक्तस्राव थांबवायचा. मग लहान आतडं सुरुवातीपासून अपेंडिक्सजवळच्या टोकापर्यंत वीत-वीत करून दोन्ही बाजूंनी तपासायचं. एक भोक सापडलं म्हणून थांबायचं नाही. मेसेंटरीच्या, म्हणजे आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्याच्या, कडेला दुसरं दडून बसलेलं असू शकतं. भोक लहान असेल तर मेलेल्या कडा कापून आडवी शिवण घालायची, उभी घातली तर नळी अरुंद होते. निम्म्याहून जास्त घेर फाटला किंवा जवळजवळ बरीच भोकं असली, तर तेवढा तुकडा काढून टोकं जोडायची. पेशंट थंडगार पडलाय, रक्त गोठत नाहीये, तेव्हा मात्र जोडकामाचा हट्ट नको. टोकं बंद करायची, आयसीयूत सावरू द्यायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा आत जायचं.

मोठ्या आतड्याचं म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धात कोलोस्टॉमी, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून मैला पिशवीत घेणं, हा जवळपास हुकूमच होता. 1979 साली स्टोन आणि फेबियन या सर्जननी निवडक पेशंटमध्ये थेट टाके घालूनही चालतं हे दाखवलं. त्यामुळे आता पिशवी सरसकट लागत नाही.

लागलीच, तर घरच्यांना ऑपरेशनपेक्षा तिचाच धसका. बहुतेकांची ती तात्पुरती असते. सगळं ठीक असलं तर दोन-तीन महिन्यांनी बंद करता येते. पोराचं लग्न ठरलेलं असेल तर बाप मुहूर्ताच्या आधीची तारीख मागतो. तब्येत साथ देत असेल तर मी देतो.