यूएसबी लावली की थेट व्हीएममध्ये

लिनक्सच्या केव्हीएम-लिबव्हर्ट या साधनांवर चालू व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) जोडलेली यूएसबी काढून पुन्हा लावली, की ती आपोआप परत जाईल यावर विसंबू नका. ते काम यूडेव्हच्या, म्हणजे उपकरण लागलं-निघालं की दखल घेणाऱ्या लिनक्स सेवेच्या, नियमाला द्या. उदाहरणार्थ एफटीडीआय कंपनीची ०४०३:६००१ (उत्पादक आयडी:उत्पादन आयडी) सीरियल केबल. होस्टडेव्हच्या (व्हीएमला द्यायच्या उपकरणाच्या) एक्सएमएलमध्ये हे दोन आयडी लिहायचे आणि 'ॲड' (उपकरण लागल्याच्या) घटनेवर नियमातल्या स्क्रिप्टमधून 'व्हर्श अटॅच-डिव्हाइस' ही कमांड लाइव्ह पर्यायासह चालवायची. नियमात डेव्हटाइप 'यूएसबी_डिव्हाइस' हवाच, नाहीतर प्रत्येक इंटरफेससाठी स्क्रिप्ट वेगळी धावते. स्क्रिप्ट वेळखाऊ असेल तर ती सिस्टीमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) सर्व्हिसमधून चालवा. यूडेव्ह रेंगाळणारी प्रक्रिया मारून टाकतो.

खरी मेख 'रिमूव्ह' (उपकरण निघाल्याच्या) घटनेमध्ये आहे. केबल निघाली की सिसएफएसमधली (कर्नलच्या उपकरण-यादीतली) नोंदही गेलेली असते, त्यामुळे नियमातला आयडीव्हेंडर (उत्पादक आयडी) जुळतच नाही. तिथे 'प्रॉडक्ट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जुळवा: ४०३/६००१/*. सुरुवातीचं शून्य इथे गळालेलं असतं, नीट बघा! या घटनेवर उपकरण व्हीएमपासून डिटॅच केलं नाही तर चालू व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये जुनी नोंद अडकून राहते.

एकसारख्या दोन केबल असतील तर आयडी पुरत नाहीत. मग यूडेव्हकडून मिळणारे बसनम आणि डेव्हनम (यूएसबी बसचा आणि त्यावरच्या उपकरणाचा क्रमांक) वापरून एक्सएमएल दर वेळी नव्याने लिहा, कारण केबल पुन्हा लावली की डेव्हनम बदलतो.