सर्दी की फ्लू? आमच्या घरातला अनुभव

झड लागली की आमच्या दारव्हा तालुक्यात घरोघरी कोणी ना कोणी शिंकत असतं, आणि काहीही झालं तरी त्याला नाव एकच, व्हायरल. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोघं आजारी पडली, माझी मुलगी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मुलीला साधी सर्दी होती, मामाजींना फ्लू. दोन्ही विषाणूंचेच आजार, पण सर्दी वाट पाहू देते आणि फ्लू म्हाताऱ्या, साखरेच्या म्हणजे मधुमेहाच्या माणसाला देत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मुलीचं हळूहळू सुरू झालं. आधी घशात खवखव, मग शिंका, मग नाक गळायला लागलं. अंग जरासं कोमट, पण ताप म्हणावा असा नाही. नाक पुसत शाळेत गेली, आल्यावर पोटभर जेवली आणि खेळायला पळाली. तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, रात्री हळदीचं दूध. त्यानं सर्दी लवकर जात नाही, जिवाला बरं वाटतं एवढंच. आठवडाभरात ती आपली आपणच उतरते.

मामाजी त्या दिवशी सकाळी भाकर खाऊन सोयाबीनमध्ये डवरा धरायला, म्हणजे बैलांनी कोळपायला गेले होते. दुपारी धुऱ्यावर बसले ते उठेनात. बैल सोडायला शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक मारावी लागली. घरी आले तेव्हा डोळे लाल, अंगात हुडहुडी, दोन गोधड्या घेऊनही थंडी जाईना. "कपाळ फुटून राह्यलं वो बाई, हाडं ठणकून राह्यले," एवढंच बोलत होते. मी केसांवरून हात फिरवला तर तेवढंही दुखलं त्यांना. नाक मात्र कोरडं, खोकलाही कोरडा. थर्मामीटर लावला, पारा १०३ वर.

संध्याकाळी आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका आल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वहिनी, ताप किती वाजता आला?" मी लगेच सांगितलं, दुपारी, डवरणी चालू असताना. "आन् पोरीची सर्दी कधी लागली?" ते काही मला सांगता येईना. सर्दी हळूहळू लागते, फ्लू एकदम चढतो. त्या म्हणाल्या, "पोरीची सर्दीच हाय. मामाजीले उद्या सकाळीच केंद्रात न्या. त्याइले साखर हाय ना."

तोवर घरात दुसरीच चर्चा सुरू झाली होती. आमच्याकडे ताप आला की आधी सुई आणि सलाईन. शेजारचे दोघं-तिघं तेच सांगून गेले, यांचाही जीव तिकडेच ओढत होता. सलाईननं अंगात पाणी जातं, त्यानं विषाणू मरत नाही. माणूस पाणी, पेज, ताक पीत असेल आणि उलट्या होत नसतील, तर त्याची गरजही नसते. मी सकाळपर्यंत पॅरासिटामॉल आणि पाणी देत राहिले आणि उजाडताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं.

डॉक्टरांनी आधी मलेरिया आणि डेंग्यूसाठी रक्त घेतलं. पावसाळ्यात एकदम चढलेला ताप आणि अंगदुखी या दोन्हीतही असते, कोरोनाही असाच दिसू शकतो. नुसत्या लक्षणांवरून शंभर टक्के सांगता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण खोकला होता, ताप अचानक आला होता, गावात तशीच माणसं आजारी होती, म्हणून त्यांनी फ्लूचाच संशय धरला. मग त्यांनी फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे तीन गट समजावले. अ गटात थोडा ताप, खोकला, घसा. घरी थांबायचं, एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. ब गटात जास्त ताप, किंवा आजार साधा पण माणूस जोखमीचा, म्हणजे गरोदर बाई, लहान मूल, पासष्टच्या वरचं माणूस, साखर, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्णही यातच, आणि आपल्या विदर्भात ते किती आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. क गट म्हणजे धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं, गुंगी. अशा वेळी थांबायचं नाही, १०८ ला फोन लावून दवाखाना गाठायचा.

मामाजी ब गटात बसले. घशाचा नमुना घेतला नाही, तो मुख्यतः क गटाच्या रुग्णाचा तपासतात. तपासणीसाठी न थांबता फ्लूच्या विषाणूवरचं औषध, ऑसेल्टामिविर, लगेच सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल, पाच दिवस. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. म्हणूनच ताप कधी आला ते नीट सांगता येणं एवढं महत्त्वाचं. अँटिबायोटिक यांनी मागितलं, डॉक्टरांनी दिलं नाही. विषाणूवर ते चालतच नाही.

मामाजींची खाट सपरीत टाकली, वारा खेळता राहील अशी. जवळ जाताना मी तोंडाला मास्क बांधायची, मुलीला तिकडे फिरकू दिलं नाही. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. आशाताईंचं बोटाला लावायचं यंत्र रोज लावत होते, ऑक्सिजन ९४ च्या खाली उतरतो का ते बघायला. साखरही वाढली होती, ती वरचेवर तपासावी लागली.

ताप उतरला त्या दिवशी सगळे खूश झाले, पण मी लक्ष कमी केलं नाही. फ्लूमध्ये बरं वाटून पुन्हा ताप चढला आणि खोकला वाढला, तर तो न्यूमोनिया असू शकतो, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तसं झालं नाही. थकवा मात्र पोळ्यापर्यंत टिकला. मुलगी केव्हाच ठणठणीत झाली होती.

यंदा मिरगाच्या आधीच मामाजींना फ्लूची लस देऊन आणली. अंगात ताकद तयार व्हायला तिला दोनेक आठवडे लागतात, आणि विषाणू रूप बदलत राहतो म्हणून दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. सर्दीसाठी अशी लस नाही, तिला कारण होणारे विषाणूच दोनशेच्या वर आहेत. पैसे गेले, पण घरातल्या साखरेच्या माणसासाठी ते मला जास्त वाटले नाहीत.